पुन्हा शस्त्रक्रिया की पुन्हा संयम? : वजन घटविण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय आणि वर्ध्याचा आरोग्यविचार

गोषवारा

वजन घटविण्यासाठी जठरावर एकदा शस्त्रक्रिया झाली, काही वर्षे वजन उतरले आणि पुढे ते पुन्हा वाढू लागले, तर दुसरी शस्त्रक्रिया करावी काय? हा प्रश्न वैद्यकाचा असला तरी समाजात तो बहुधा नीतीचा प्रश्न म्हणून विचारला जातो. ‘जिभेवर ताबा ठेवला नाही, म्हणून पहिली शस्त्रक्रिया वाया गेली’ असा निवाडा आधी दिला जातो व उपचाराचा विचार नंतर होतो. या निवाड्यामागील विचारपरंपरेचा आणि शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा एकत्र मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी आहारसंयम व आधुनिक रुग्णालय या दोन्हींचा वारसा लाभलेला वर्धा जिल्हा हा संदर्भ म्हणून घेतला आहे.

बीजसंज्ञा : स्थूलता, पुनर्शस्त्रक्रिया, सेवाग्राम, आहारसंयम, आरोग्यविमा.

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याची ओळख सेवाग्राम व पवनार या दोन स्थळांनी घडली आहे. आहार हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा विषय होऊ शकतो हे मगनवाडी व सेवाग्राम येथे दिसून आले. त्याच सेवाग्रामात १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. आश्रमातील स्वयंपाकघर आणि रुग्णालयातील शस्त्रक्रियागृह यांच्यामध्ये पायी जाण्याइतकेच अंतर आहे. विचारांच्या दृष्टीने मात्र हे अंतर पुष्कळ मोठे मानले जाते. एक मार्ग संयमाचा व दुसरा शस्त्राचा, अशी विभागणी सर्वसाधारणपणे केली जाते.

वजन घटविण्याची शस्त्रक्रिया, म्हणजेच बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी, हा विषय विदर्भातील मध्यमवर्गाला आता अपरिचित राहिलेला नाही. २०११ साली नागपूरचे नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली व तिची वृत्तपत्रांतून चर्चा झाली. पहिल्या शस्त्रक्रियेची चर्चा अशी उघडपणे होते. वजन परत आल्यावर मात्र संबंधित व्यक्ती गप्प होते. घरच्यांनी केलेला खर्च, नातलगांचे टोमणे आणि डॉक्टरांसमोर पुन्हा उभे राहण्याचा संकोच या तिन्हींमुळे तपासणीच लांबणीवर पडते. या मौनाचा उगम शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. अजीर्णाचा दृष्टान्त

१९०९ साली इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना जहाजावर लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’ या पुस्तकात महात्मा गांधींनी डॉक्टरांच्या व्यवसायावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यातील युक्तिवाद थोडक्यात असा आहे : माणूस अति खातो, त्याला अजीर्ण होते, डॉक्टर गोळी देतो, तो बरा होतो आणि पुन्हा अति खातो. गोळी मिळाली नसती तर त्याने अजीर्णाची शिक्षा भोगली असती व पुढे जिभेला आवर घातला असता. औषधाने शरीराला आराम मिळाला, पण मन दुबळे झाले, असा त्याचा निष्कर्ष आहे.

वजन परत आलेल्या रुग्णाविषयी आज जे बोलले जाते ते या दृष्टान्ताच्या साच्यात जवळजवळ तंतोतंत बसते. अजीर्णाच्या जागी स्थूलता आणि गोळीच्या जागी शस्त्रक्रिया ठेवली की दुसरी शस्त्रक्रिया ही ‘दुसरी गोळी’ ठरते. गांधींचे पुस्तक न वाचलेली माणसेही याच पद्धतीने विचार करतात, यावरून ही धारणा किती खोलवर रुजली आहे हे ध्यानात येते. या दृष्टान्तात एक गृहीतक मात्र दडलेले आहे. रोगाचे कारण सर्वस्वी रुग्णाच्या इच्छेच्या ताब्यात आहे, हे ते गृहीतक होय. अजीर्णाच्या बाबतीत ते पुष्कळसे खरे असेल. स्थूलतेच्या बाबतीत ते कितपत टिकते हे तपासावे लागते.

२. दृष्टान्त देणाऱ्याचे स्वतःचे दोन निर्णय

‘हिंद स्वराज्य’नंतर पंधरा वर्षांच्या आत गांधींना स्वतःला दोनदा शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा लागला. दोन्ही प्रसंगांचा वजनाशी संबंध नव्हता. तरीही शस्त्रक्रियेला तत्त्वतः विरोध करणारी व्यक्ती प्रत्यक्ष निर्णय कसा घेते, हे समजून घेण्यासाठी ते उपयुक्त आहेत.

१९१८ च्या उन्हाळ्यानंतर खेडा जिल्ह्यातील सैन्यभरतीच्या काळात त्यांना आमांशाचा तीव्र विकार झाला. प्रकृती खालावत गेली आणि जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. दूध घेतल्याशिवाय शरीर पुन्हा उभे राहणार नाही, असे दलाल यांचे म्हणणे होते. दूध न घेण्याचे गांधींचे व्रत होते. व्रत घेताना मनात गाय व म्हैस यांचेच दूध होते, मग शेळीचे दूध का चालू नये, हा तोडगा कस्तुरबांनी सुचविला व तो स्वीकारला गेला. व्रताचा शब्द पाळला, पण आशय पाळला नाही, ही खंत गांधींनी आत्मकथेत नोंदवली आहे. तथापि शेळीचे दूध त्यांनी पुढे सोडले नाही. सेवाग्रामातील त्यांच्या आहारातही ते राहिले.

दुसरा प्रसंग १२ जानेवारी १९२४ चा. येरवडा तुरुंगात असताना आंत्रपुच्छाचा दाह झाल्याने त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलविण्यात आले. त्यांच्या परिचयाचे डॉ. दलाल व डॉ. जीवराज मेहता यांना बोलावण्याची मुभा कर्नल मॅडॉक यांनी दिली होती. परंतु प्रकृतीमुळे वाट पाहणे शक्य नव्हते. ब्रिटिश सर्जनच्या हातून शस्त्रक्रिया होत असताना काही विपरीत घडले असते तर देशात क्षोभ उसळला असता. म्हणून श्रीनिवास शास्त्री यांच्या उपस्थितीत एक निवेदन तयार झाले. डॉक्टरांवर आपला विश्वास आहे आणि शस्त्रक्रियेस आपली संमती आहे, अशा आशयाच्या त्या निवेदनावर गांधींनी सही केली. शस्त्रक्रिया चालू असताना वादळामुळे वीज गेली व उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पार पडले.

पुढे टीकाकारांनी ‘हिंद स्वराज्य’ची आठवण करून दिली. तेव्हा आपण अहंकारापासून पूर्ण मुक्त नाही व याच देहात जगण्याची इच्छा आपल्याला होती, असे प्रांजळ उत्तर गांधींनी दिले.

या दोन प्रसंगांतून तीन गोष्टी निघतात. पहिली, तत्त्व आणि देहाची निकड यांत विरोध आला तेव्हा निर्णय त्या वेळच्या शारीरिक स्थितीकडे पाहून झाला. दुसरी, दुसऱ्या वेळी पहिल्या सर्जनला बोलावण्याचा प्रयत्न झाला, म्हणजे पूर्वेतिहासाचे मोल ओळखले गेले. तिसरी, संमती स्पष्ट, लिखित व साक्षीदारांसमोर दिली गेली. वजन परत आलेल्या रुग्णाला नेमक्या याच तीन गोष्टींची गरज असते, आणि दोषारोपाच्या वातावरणात नेमक्या याच त्याला मिळत नाहीत.

३. मगनवाडी ते कस्तुरबा रुग्णालय

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत वर्ध्याची मगनवाडी आकाराला आली. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, गूळ, घाणीचे तेल, पालेभाज्या व सोयाबीन यांचे प्रयोग येथे झाले. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधी शेगावला राहावयास गेले. १९४० पासून ते गाव सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमधील बंदिवासात त्यांनी आरोग्यावर लिहिलेली प्रकरणे पुढे ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ म्हणून प्रसिद्ध झाली.

या सर्व आहारविचाराची पार्श्वभूमी ध्यानात घेणे आवश्यक आहे. मगनवाडीसमोरचा प्रश्न कुपोषणाचा होता. गिरणीच्या पांढऱ्या तांदळाने व साखरेने अन्नातील सत्त्व जात आहे आणि गरिबाच्या पोटात पुरेसे पोषण पडत नाही, ही चिंता त्या प्रयोगांच्या मुळाशी होती. स्थूल माणसाला दोषी ठरविण्यासाठी ते प्रयोग झालेले नव्हते. पुढे सेवाग्रामातील दवाखान्यातूनच कस्तुरबा रुग्णालय वाढले व त्यातून वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. म्हणजे संयमाच्या भूमीवर शस्त्रक्रियागृह उभे राहिले ते संयमाला नाकारून नव्हे, त्याच सेवाकार्याचा विस्तार म्हणून. या रुग्णालयाने खेड्यांसाठी चालविलेल्या आरोग्यविम्यात कुटुंबे आपली वर्गणी ज्वारीच्या रूपाने देत असत. आजार हा एकट्या रुग्णाचा अपराध नसून गावाने मिळून वाहण्याचा भार आहे, ही दृष्टी त्या ज्वारीत होती.

४. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीइतकीच जुनी

वजनासाठी शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास १९५४ पासून सांगितला जातो. त्या वर्षी अमेरिकेतील क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळणाऱ्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. वजन झपाट्याने उतरे. परंतु यकृत निकामी होणे, मूतखडे व तीव्र पोषणदोष अशी किंमत मोजावी लागे. अनेक रुग्णांची ती रचना पुन्हा शस्त्रक्रिया करून पूर्ववत करावी लागली. या शाखेतील सर्वांत पहिल्या पुनर्शस्त्रक्रिया अशा रीतीने सर्जनांच्या रचनेतील दोषामुळे झाल्या होत्या.

आयोवा येथील एडवर्ड मेसन यांनी पोटाच्या व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन कमी राहते हे पाहून १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास सुरू केला. त्यानंतर त्यांनी जठर टाक्यांनी विभागण्याच्या पद्धती आणल्या. सुरुवातीच्या आडव्या विभागणीत टाके सुटत, वाट रुंदावे व वजन परत येई. म्हणून १९८० मध्ये त्यांनी उभी विभागणी करून तोंडाशी कृत्रिम धाग्याचा पट्टा बसविला. पुढे आलेला, बाहेरून घट्ट-सैल करता येणारा पट्टा काही काळ लोकप्रिय झाला. तोही अनेकांच्या शरीरातून काढून टाकावा लागला.

आज सर्वाधिक केल्या जाणाऱ्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचा जन्म तर विशेष बोधप्रद आहे. फार मोठ्या वजनाच्या, धोकादायक प्रकृतीच्या रुग्णांवर संपूर्ण मोठी शस्त्रक्रिया एका वेळी करणे कठीण होते. म्हणून २००० च्या सुमारास तिचे दोन टप्पे करण्यात आले. जठराची नळी करणे हा पहिला टप्पा आणि आतड्याची फेररचना हा दुसरा. पहिल्या टप्प्यानंतरच अनेकांचे वजन पुरेसे उतरले, म्हणून ती स्वतंत्र शस्त्रक्रिया मानली जाऊ लागली. अर्थात जी शस्त्रक्रिया मुळात अर्धी म्हणून कल्पिली गेली, तिच्यानंतर काहींना उरलेला अर्धा टप्पा लागावा यात रुग्णाच्या चारित्र्याचा प्रश्न कोठे येतो?

५. वजन परत का येते

१९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के राहिली. उभ्या विभागणीच्या गटात ती २५ वरून १६ टक्क्यांवर, तर पट्ट्याच्या गटात २० वरून १४ टक्क्यांवर आली. काही प्रमाणात वजन परत येणे हा अपवाद नसून सर्वसाधारण क्रम आहे, हे यावरून स्पष्ट होते.

यामागे शरीराची स्वतःची यंत्रणा असते. २०११ मध्ये सुमित्रन व सहकाऱ्यांनी दाखविले की आहाराने वजन उतरविल्यानंतर एक वर्षानेही भूक वाढविणारी व तृप्ती घटविणारी संप्रेरकांची स्थिती कायम राहते. शस्त्रक्रियेमुळे ही यंत्रणा बदलते, पण पुरती नाहीशी होत नाही. त्याखेरीज जठराची नळी किंवा पिशवी सैलावणे, जोडाची वाट रुंदावणे, विभागलेल्या भागांत पुन्हा मार्ग तयार होणे ही रचनेतील कारणे असतात. काही औषधे, थायरॉइडचे विकार, गरोदरपण, रजोनिवृत्ती व नैराश्य यांचाही वाटा असतो. आहाराचा वाटाही नाकारता येत नाही. ज्वारीची भाकर लहान जठराला जड जाते. चहा-बिस्किटे, शेव-चिवडा, गोरसपाक मात्र थोडे-थोडे करून दिवसभर सहज उतरतात.

स्थूलता केवळ खाण्याने येते असे प्राचीन भारतीय वैद्यकानेही मानले नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलतेच्या कारणांत गुरू-मधुर आहार, व्यायामाचा अभाव व दिवसाची झोप यांबरोबर ‘बीजस्वभाव’ही गणला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये मांडलेले उदाहरणही प्रसिद्ध आहे. त्यांचा व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शरीरभार निर्देशांक सारखाच, २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के व याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. काट्यावरचा आकडा भारतीय शरीराची पूर्ण हकीकत सांगत नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

६. निर्णयाची चौकट : वर्ध्यातील रुग्णाच्या दृष्टीने

उदाहरणादाखल १६० सेंटिमीटर उंचीची एक व्यक्ती घेऊ. शस्त्रक्रियेपूर्वी वजन ११५ किलो, निर्देशांक सुमारे ४५. दोन वर्षांनी वजन ७५ किलो. सात-आठ वर्षांनी ते ८७ किलो, निर्देशांक ३४. घरच्यांच्या हिशेबाने बारा किलो परत आले, म्हणजे शस्त्रक्रिया फसली. प्रत्यक्षात मूळ वजनाच्या २४ टक्के घट अद्याप टिकून आहे, म्हणजे स्वीडिश अभ्यासातील बायपासच्या दहा वर्षांनंतरच्या सरासरीच्या आसपास. अशा व्यक्तीचा मधुमेह आटोक्यात असेल, गुडघे चालत असतील, तर केवळ आकड्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करण्याचे कारण उरत नाही. मधुमेह उलटला असेल, झोपेत श्वास अडत असेल किंवा स्लीव्हनंतर तीव्र आम्लपित्ताने अन्ननलिकेला इजा होत असेल, तर मात्र तेच ८७ किलो वेगळा अर्थ धारण करतात.

निर्णयाचा क्रम म्हणून महत्त्वाचा ठरतो. प्रथम पहिल्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे मिळवावी लागतात. कोणती रचना केली होती हे ठाऊक नसता पुढचे पाऊल टाकता येत नाही. त्यानंतर दुर्बीण तपासणी व क्ष-किरण तपासणीने रचनेतील दोष पाहावा लागतो. दोष सापडला तर दुरुस्तीला आधार मिळतो. रचना शाबूत असेल तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा लाभ अनिश्चित राहतो. आधीच्या व्रणांमुळे पुनर्शस्त्रक्रियेत गळती, रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांचा धोका पहिल्यापेक्षा अधिक असतो आणि वजनातील घट बहुधा पहिल्यापेक्षा कमी असते. आतड्याचा आणखी भाग वगळल्यास लोह, कॅल्शियम व ब-१२ यांची उणीव वाढते. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळतो. तेथे ही बाब गौण मानता येत नाही. आयुष्यभर रक्ततपासणी व पूरक गोळ्या यांची सोय हिंगणघाट, आर्वी वा कारंजा येथील रुग्णाला नियमितपणे करता येईल काय, हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधी विचारला पाहिजे.

तिसरा पर्यायही आता उपलब्ध आहे. तिर्झेपॅटाइड व सेमाग्लुटाइड ही वजन घटविणारी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतीय बाजारात या उपयोगासाठी आली. शस्त्रक्रियेनंतर परत आलेल्या वजनासाठीही तज्ज्ञ त्यांचा विचार करतात. मात्र सेमाग्लुटाइड थांबविल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात दिसले. औषध थांबताच वजन परत येत असेल, तर स्थूलता हा उच्च रक्तदाबासारखा दीर्घकालीन विकार आहे, याच मताला बळकटी मिळते.

खर्चाची बाजू अधिक अवघड आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेली मर्यादा निर्देशांक ४०, किंवा गंभीर सहविकारांसह ३५ अशी होती. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये ती ३७.५ व ३२.५ इतकी खाली आणली. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ३५, चयापचयाचा विकार असल्यास ३०, आणि आशियाई लोकांसाठी त्याहून कमी मर्यादा सुचविली. भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या वगळणुकीच्या कलमात मात्र ४० व ३५ हेच आकडे घेतले गेले. वरील उदाहरणातील व्यक्ती, मधुमेह उलटलेला असताही, ३४ निर्देशांकामुळे त्या कलमाच्या अटीत बसत नाही. भारतीय वैद्यकाच्या निकषाने ती उपचारास पात्र ठरते, विम्याच्या निकषाने अपात्र. अशा कुटुंबाला नागपूर-मुंबईचा खर्च शेती विकून वा कर्ज काढून करावा लागतो, आणि म्हणूनच ‘पहिले पैसे वाया घालवले’ हा आरोप अधिक बोचतो. ज्वारीच्या विम्यातून दिसलेली सामुदायिक दृष्टी येथे हरवली आहे.

निष्कर्ष

१. वजन परत येण्यास केवळ संयमाचा अभाव कारणीभूत मानण्याची धारणा अजीर्णाच्या दृष्टान्ताच्या जातीची आहे. स्थूलतेच्या बाबतीत तिचे मूळ गृहीतक टिकत नाही.

२. तो दृष्टान्त देणाऱ्या गांधींनी १९१९ व १९२४ मध्ये स्वतःच्या देहाची स्थिती पाहून निर्णय घेतला व त्यातील विसंगती लपविली नाही. सेवाग्रामचा वारसा शस्त्रक्रियेच्या विरोधात उभा करणे इतिहासाला धरून नाही.

३. पुनर्शस्त्रक्रियेचा इतिहास मुख्यतः रचनेतील दोषांच्या दुरुस्तीचा व नियोजित टप्प्यांचा इतिहास आहे.

४. यावरून प्रत्येकाने दुसरी शस्त्रक्रिया करावी असा अर्थ निघत नाही. कारण सापडले, सहविकार गंभीर असले व आयुष्यभराच्या पाठपुराव्याची सोय असली तरच ती समर्थनीय ठरते. इतरांसाठी औषध, आहार-सल्ला व मानसिक आधार हेच प्रथम मार्ग होत. आणि काहींच्या बाबतीत आहे ते वजन स्वीकारून आरोग्य सांभाळणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

५. विम्याचे निकष भारतीय शरीराला अनुसरून बदलणे आणि वजन परत आलेल्या रुग्णासाठी जिल्हा पातळीवर तपासणी व समुपदेशनाची सोय होणे निकडीचे आहे. ‘पुन्हा का खाल्ले?’ या प्रश्नाने रुग्ण दवाखान्यापासून दूर जातो. ‘वजन पुन्हा का वाढले?’ या प्रश्नाने तो तपासणीच्या टेबलापर्यंत येतो. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय, होकाराचा असो वा नकाराचा, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हाती आल्यावरच घेतला जावा.